सातासमुद्रापलीकडचे साथीदार

गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन राहतात मोनॅकोत, गायक शंकर महादेवन मुंबईत, आणि तबलावादक झाकीर हुसेन यांचे घर होते कॅलिफोर्नियात. या तिघांचा 'इज दॅट सो?' हा अल्बम जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे काम सुमारे सहा वर्षे चालले होते आणि त्यात रचना आहेत सहाच. तो काढला अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या 'अ‍ॅबस्ट्रॅक्ट लॉजिक्स' या छोट्या, स्वतंत्र संस्थेने. गळा रागसंगीताच्या तालमीचा आहे, पण ख्यालाची मांडणी नाही. गिटार सिंथेसायझरला जोडलेली असल्यामुळे तिचे सूर एखाद्या मोठ्या वाद्यवृंदासारखे पसरत जातात. हे जॅझ आहे का? जॅझच्या स्वरमेळाची सगळी समज त्यात आहे. हे हिंदुस्थानी संगीत आहे का? त्याची ओढ प्रत्येक आलापात आहे. आणि डोळे मिटून ऐकले तर यातले पुष्कळसे संगीत अँबियंट म्हणतात त्या प्रकाराच्या जवळ जाते, म्हणजे ठेक्याने पुढे न ढकलता ऐकणाऱ्याच्या भोवती हळूहळू साठत जाणारे.

या पुस्तकाचा विषय अशा प्रकारचे संगीत हा आहे. वेगवेगळ्या देशांत राहणारे, वेगवेगळ्या परंपरांत वाढलेले वादक-गायक एकमेकांना आपले काम पाठवत राहतात. मोठ्या कंपनीच्या मागणीवाचून, बहुधा स्वतःच्याच पैशाने आणि सवडीने त्यातून एक अल्बम उभा करतात. मराठीत याविषयी फारसे लिहिले गेलेले नाही. त्यामुळे पुढची पाने वाचण्याआधी या संगीताची कुळकथा, ते तयार होण्याची रीत आणि ते ऐकण्याची दृष्टी सांगणे मला गरजेचे वाटते.

मी हे वरठीतून लिहितो आहे. मोहाडी तालुक्यातले हे गाव मुंबई–हावडा मार्गावर आहे. भंडारा रोड स्टेशन इथलेच आणि सनफ्लॅगचा पोलाद कारखानाही इथलाच. इथे भजनी मंडळे आहेत, लग्नातला बँड आहे, आणि आसपासच्या झाडीपट्टीत दंडार, खडी गंमत आणि रात्रभर चालणारी नाटके आहेत. जॅझची मैफल मात्र नागपुरातही क्वचित होते. ती ऐकायची तर मुंबई-पुणे गाठावे लागते. मग इथल्या माणसाने या विषयावर का लिहावे? कारण या अल्बमांनी मैफलीची जागाच बदलली आहे. ज्या संगीतासाठी वादक एका खोलीत कधी एकत्र आलेच नाहीत, त्याचा श्रोता मुंबईत असो की वरठीत, दोघेही पहिल्याच रांगेत बसलेले असतात. इथे कोणाला मागची सतरंजी नाही. या समानतेमुळेच हा विषय मला मोलाचा वाटतो.

आता कुळकथा. महाराष्ट्राचा आणि गोव्याचा जॅझशी संबंध जुना आहे. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी हे कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला ताफा घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आले. त्यांच्यामागून टेडी वेदरफोर्ड आले. गोव्याच्या चर्चशाळांतून स्वरलेखन शिकून आलेल्या तरुणांनी हे संगीत उचलले. आंतोनियो झेव्हियर वाझ, म्हणजे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसोझा ही मंडळी संध्याकाळी हॉटेलांत वाजवत आणि दिवसा हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात काम करत. पडद्यावर संगीतकाराचे नाव येई. वाद्यमेळ लिहिणाऱ्या या लोकांची नावे बहुतेक वेळा येतच नसत. ही उणीव लक्षात ठेवावी, कारण स्वतंत्र अल्बमांचा विचार करताना श्रेयाचा प्रश्न पुन्हा येणार आहे.

१९६८ मध्ये शंकर-जयकिशन यांनी 'राग जॅझ स्टाइल' ही तबकडी काढली. तोडी, मालकंस, मियाँ मल्हार, भैरवी असे अकरा राग, सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग. ही सगळी माणसे एका शहरात होती आणि एका स्टुडिओत बसून वाजवत होती. त्याच सुमाराला मुंबईत जन्मलेले गोमंतकीय गिटारवादक अमान्सियो डिसिल्वा लंडनला स्थायिक झाले. १९६९ मध्ये त्यांनी जमैकाहून आलेले सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्याबरोबर 'हम दोनो' हा अल्बम केला. परदेशात भेटलेले दोन परके एकमेकांच्या भाषेत सूर शोधत होते. त्यानंतर काही वर्षांनी अमान्सियो यांनी मुद्रित केलेला 'कोंकण डान्स' मात्र तेव्हा निघालाच नाही. तो २००६ मध्ये बाहेर आला, आणि ते तर १९९६ मध्येच वारले होते. अल्बम निघणार की नाही हे दुसऱ्याच्या हातात असले की काय होते, याचे यापेक्षा बोलके उदाहरण मला माहीत नाही.

पुढचा टप्पा 'शक्ती'चा. मॅक्लॉफ्लिन, झाकीर हुसेन, व्हायोलिनवादक एल. शंकर आणि घटमवादक विक्कू विनायकराम यांनी १९७५ मध्ये या गटाचे पहिले ध्वनिमुद्रण केले. इंग्रज गिटारवादक, माहीमला वाढलेला पंजाब घराण्याचा तबलजी आणि दोन कर्नाटक शैलीचे कलावंत एका रिंगणात मांडी घालून बसले. १९७८ मध्ये निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने मुंबईत 'जॅझ यात्रा' सुरू झाली आणि जगभरचे वादक इथल्या श्रोत्यांसमोर आले. या साऱ्या घडामोडींत एक गोष्ट गृहीत होती: एकत्र वाजवायचे तर एकत्र यावे लागणार. डिसेंबर १९८६ मध्ये 'मेकिंग म्युझिक' या अल्बमसाठी झाकीर, हरिप्रसाद चौरसिया, मॅक्लॉफ्लिन आणि नॉर्वेचे सॅक्सोफोनवादक यान गार्बारेक हे चौघे ओस्लोला जमले, तेव्हाही हे गृहीत बदललेले नव्हते.

अँबियंट संगीताचा वंशवृक्ष वेगळा दिसतो, पण त्याचे एक मूळ आपल्या अंगणात आहे. फ्रेंच संगीतकार एरिक साती यांनी १९१७ च्या सुमारास घरातल्या सामानासारखे पार्श्वभूमीला राहणारे संगीत रचले. इंग्लंडच्या ब्रायन इनो यांनी १९७८ मध्ये विमानतळासाठी म्हणून केलेल्या अल्बमवर 'अँबियंट' हा शब्द छापला. या दोहोंच्या मध्ये किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ उभे आहेत. अब्दुल वहीद खाँ यांचे हे शिष्य १९७० मध्ये अमेरिकेला गेले. ला माँट यंग आणि टेरी रायली हे तिथले प्रयोगशील संगीतकार त्यांचे शिष्य झाले, आणि पुढे ट्रंपेटवादक जॉन हॅसेल हेही त्यांच्याकडे शिकले. हॅसेल आणि इनो यांनी १९८० मध्ये मिळून केलेल्या अल्बमात ट्रंपेट गळ्यासारखी मींड घेते, ती त्या तालमीतून आलेली आहे. एकच षड्ज तासभर जिवंत ठेवायचा, त्यात दडलेले स्वर ऐकू येईपर्यंत थांबायचे, ही साधना किराणा घराण्याची आहे. त्याच घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, आणि त्या मिरजेतले कारागीर आजही भोपळा कोरून तानपुरे करतात. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. परदेशी समीक्षक ज्याला नव्या युगाचे संगीत म्हणतात, त्यातला धरून ठेवलेला सूर मराठी कानाला घरचा वाटतो, याचे कारण हे आहे.

जॅझ, दूरदेश आणि हा स्थिर सूर ज्यांच्या कामात एकत्र दिसतात असे एक नाव त्रिलोक गुर्टू यांचे. त्यांच्या आजी मेनकाबाई शिरोडकर या अल्लादिया खाँ यांच्या शिष्या. आई शोभा गुर्टू, बेळगावात जन्मलेल्या आणि ठुमरी-दादऱ्यासाठी देशभर गाजलेल्या. मुंबईत १९५१ मध्ये जन्मलेले त्रिलोक तबल्यावरून ड्रमकडे गेले आणि जर्मनीत हॅम्बुर्गला राहिले. जमिनीवर गुडघे टेकून वाजवता येईल अशी ड्रमची रचना त्यांनी स्वतःसाठी केली. वाजती घंटी पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवून तिचा सूर वाकवण्याची त्यांची रीत प्रसिद्ध आहे. १९८८ मध्ये सीएमपी या छोट्या जर्मन कंपनीने काढलेल्या 'उस्फ्रेट' या त्यांच्या अल्बमात डॉन चेरी यांची ट्रंपेट आहे आणि शोभाताईंचा गळाही आहे. आईची ठुमरी आणि अमेरिकन जॅझ एकाच पट्टीवर आणताना मुलाने आईच्या गाण्याला धक्का लावलेला नाही; भोवतालचे सारे तिच्या श्वासाप्रमाणे हलते. २००४ मध्ये त्यांनी इलेक्ट्रॉनिक संगीतकार रॉबर्ट माइल्स यांच्याबरोबर 'माइल्स गुर्टू' केला. माइल्स यांनी १९९५ च्या एका गाण्याने युरोपभर प्रचंड यश मिळवले होते. ते यश पुन्हा पुन्हा विकण्याचा मार्ग सोडून त्यांनी स्वतःची कंपनी उभी केली आणि तिच्यातर्फे हा अल्बम काढला. अँबियंट आणि जॅझ यांच्या सीमेवरचा, मुंबईत जन्मलेल्या तालवादकाचा हा स्वतंत्र अल्बम आपल्याकडे जवळजवळ कोणी ऐकलेला नाही. तो शोधून ऐकावा.

दुरून वाजवण्याची रीत समजली की या संगीताचे स्वरूप समजते. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे दहा मीटरवर बसलेल्या वादकाचा सूर आपल्यापर्यंत यायला जवळपास ३० मिलिसेकंद लागतात, आणि एवढ्या उशिरापर्यंतच माणसे एकमेकांची लय नीट धरू शकतात. आता मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को घ्या. सरळ अंतर १३ हजार किलोमीटरांहून अधिक. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, तरी एका दिशेला किमान ६५ मिलिसेकंद लागणार; वळणे आणि वाटेतली यंत्रे यांमुळे प्रत्यक्षात बरेच जास्त. द्रुत लयीत तबल्याचे सेकंदाला आठ बोल पडत असतील तर दोन बोलांमध्ये १२५ मिलिसेकंद असतात. त्यातला निम्म्याहून अधिक वेळ वाटेतच गेला तर समेवर गाठ कशी पडणार? यंत्रे कितीही सुधारली तरी प्रकाशाचा वेग वाढणार नाही. म्हणून समोरासमोर सवाल-जवाब करावे तशी जुगलबंदी दोन खंडांमध्ये बसून होत नाही.

यावर उपाय निघाला तो पाठवापाठवीचा. अमेरिकेतल्या दोघा संगीतकारांनी २००३ मध्ये टेपा टपालाने पाठवून एक अल्बम केला आणि आपल्या जोडीचे नावच 'पोस्टल सर्व्हिस' ठेवले. आता टेपेच्या जागी फाइल आली आहे. एकजण घरच्या स्टुडिओत सूर आणि लय बांधून पाठवतो. दुसरा ते कानाला लावून आपला भाग वाजवतो आणि फक्त तेवढाच परत पाठवतो. स्टुडिओच्या दर्जाचे स्टिरिओ ध्वनिमुद्रण मिनिटाला साधारण १७ एमबी जागा घेते, म्हणजे आजच्या गावातल्या इंटरनेटवरूनही ते सहज जाते. शेवटी कोणी एकजण सगळे पट्टे एकत्र करून त्यांचा तोल साधतो.

या रीतीत काय हरवते ते आधी मान्य केले पाहिजे. नजरानजर हरवते. तबलजीने अचानक घेतलेल्या तिहाईवर गायकाच्या चेहऱ्यावर उमटणारी दाद हरवते. चूक सुधारता येते म्हणून धोका पत्करण्याची धिटाई कमी होते. जॅझचा प्राण त्या क्षणीच्या प्रतिसादात असतो, त्यामुळे ही हानी मोठी आहे.

मिळते काय? साथीदाराचे पूर्ण म्हणणे ऐकल्याशिवाय तोंड उघडता येत नाही, ही शिस्त मिळते. मैफलीत आपण समोरच्याचे वाक्य अर्धे ऐकून उत्तर द्यायला लागतो. इथे समोरच्याने वाजवलेली दहा मिनिटे वीस वेळा ऐकून मगच हात वाद्याला लागतो. आणि अनेकदा सर्वांत चांगले उत्तर म्हणजे न वाजवणे, हे उमगते. अँबियंट आणि आलापी या दोन्ही गोष्टी दूरच्या सहवादनाला मानवतात त्या याच कारणाने. तिथे ठेक्याची घट्ट गाठ नसते. सूर कुठे सोडायचा आणि कुठपर्यंत थांबायचे, एवढ्यावर सारे अवलंबून असते.

'इज दॅट सो?' या कसोटीवर ऐका. शंकर महादेवन चेंबूरला वाढले, श्रीनिवास खळे यांच्याकडे शिकले. 'कट्यार काळजात घुसली' या २०१५ च्या चित्रपटातून त्यांचा गळा मराठी घराघरांत पोचलेला आहे. तोच गळा इथे वेगळ्या जमिनीवर उभा आहे. आपल्या संगीतात षड्ज ठाम असतो आणि गायक त्याच्याभोवती फिरतो. मॅक्लॉफ्लिन गळ्याखालचे स्वरमेळ बदलत राहतात, त्यामुळे गायकाने धरलेला एकच स्वर कधी उजळतो, कधी झाकोळतो. हे धाडस आहे आणि रागसंगीताच्या कर्मठ श्रोत्याला ते खटकू शकते. पण गळ्याचे प्रत्येक वळण पाठ असल्याशिवाय त्याखाली असे स्वर ठेवता येत नाहीत. सहा वर्षे त्या ऐकण्याला लागली, असे मला वाटते.

यानंतर आला 'धिस मोमेंट'. 'शक्ती'चा त्याआधीचा स्टुडिओ अल्बम १९७७ चा. त्यानंतर थेट जून २०२३ मध्ये हा. महासाथीने सगळे आपापल्या गावी अडकले असताना झाकीर, मॅक्लॉफ्लिन, शंकर महादेवन, व्हायोलिनवर गणेश राजगोपालन आणि कंजिरावर विनायकरामांचे चिरंजीव सेल्वागणेश यांनी एकमेकांना फाइली पाठवत तो घडवला. आठ रचनांपैकी पहिली, २०१४ मध्ये अकाली गेलेले मँडोलिनवादक यू. श्रीनिवास यांच्या स्मृतीला वाहिलेली आहे. इथे लय जलद आहे, गुंतागुंतीची आहे, आणि तरीही गाठ सुटत नाही. त्याचे श्रेय तंत्राला देणे चूक ठरेल. या माणसांनी वर्षानुवर्षे एका मंचावर घाम गाळला होता. दूर बसूनही एकमेकांचा श्वास त्यांना पाठ होता. ४ फेब्रुवारी २०२४ रोजी या अल्बमला ग्रॅमी मिळाले आणि त्याच वर्षी १५ डिसेंबरला झाकीरभाई सॅन फ्रान्सिस्कोत गेले. त्या रिंगणाने स्टुडिओत केलेले हे अखेरचे काम, दूरदूरच्या खोल्यांत वाजवलेले.

हा अल्बमही 'अ‍ॅबस्ट्रॅक्ट लॉजिक्स'चाच. स्वतंत्र असणे म्हणजे काय, हे यावरून ध्यानात यावे: मुद्रणाची मालकी, अल्बम कधी काढायचा याचा निर्णय आणि कव्हरवर कोणाची नावे छापायची याचा अधिकार कलावंतांच्या जवळ राहतो. अमान्सियोंना हे मिळाले नाही, आणि मुंबईच्या स्टुडिओंतल्या गोमंतकीय वादकांनाही नाही. २००८ मध्ये सुरू झालेल्या बँडकॅम्पसारख्या ठिकाणी कलावंत किंमत स्वतः ठरवतो आणि डिजिटल विक्रीतला साधारण १५ टक्के भाग सोडून बाकी त्याच्याकडे जातो. याउलट स्ट्रीमिंगवर एका ऐकण्यामागे हाती पडते ती रक्कम इतकी बारीक असते की, काही हजार वेळा ऐकले जाऊनही तबल्याची पुडी बदलण्याचा खर्च निघेलच असे नाही.

या वाटेवर दोषही आहेत. जून १९८७ मध्ये लंडनच्या एका पबमध्ये जमलेल्या छोट्या कंपन्यांच्या लोकांनी दुकानांच्या सोयीसाठी 'वर्ल्ड म्युझिक' हा खण ठरवला. तेव्हापासून त्या खणात पुष्कळ आळशी संगीतही जमा झाले: लांबलेल्या सिंथेसायझरवर तानपुऱ्याचा तयार तुकडा, वर चार बोल तबल्याचे, आणि नाव एखाद्या संस्कृत शब्दाचे. परीक्षा सोपी आहे. साथीदारामुळे प्रत्येकाचे वाजवणे बदलले आहे का? बदलले नसेल, एकाला वगळूनही दुसरा तसाच ऐकू येत असेल, तर ते सहवादन नव्हे. पुढच्या पानांतल्या प्रत्येक अल्बमला मी हाच प्रश्न विचारला आहे, आणि वाचकांनीही तो विचारावा.

ऐकण्याची रीत सांगायची तर, हे अल्बम फोनच्या स्पीकरवर ऐकू नयेत. साधे का होईना, हेडफोन लावावेत, रचनांचा क्रम मोडू नये आणि पहिल्या ऐकण्यावर मत बनवू नये. दुसऱ्यांदा ऐकताना एकाच वाद्याचा माग घ्यावा आणि ते कुठे गप्प बसते हे पाहावे.

आणि झाडीपट्टीतल्या तरुण वादकांशी दोन शब्द. आपल्याकडे दंडारीची ढोलकी आहे, तुणतुणे आहे, डाहाक्याचे गाणे आहे. दिवाळीनंतर नाटकांच्या हंगामात रात्र-रात्र ऑर्गन वाजवणारे तयार हात आहेत. यातले कोणतेही वाद्य दूरच्या एखाद्या पियानोशी किंवा सॅक्सोफोनशी बोलू शकते. त्यासाठी परवानगी घेऊन, शांत खोलीत, एका वेळी एकच वाद्य स्वच्छ मुद्रित करा. वाजवणाऱ्या म्हाताऱ्या कलावंताचे पूर्ण नाव आणि गाव त्या फाइलबरोबर लिहून ठेवा, आणि पैसा मिळाला तर त्याचा वाटा आधी ठरवा. बाकीच्या वाचकांकडे माझे मागणे एवढेच आहे: या पुस्तकात वाचलेला निदान एक अल्बम विकत घ्या आणि वादकांची नावे शेवटपर्यंत वाचा.

वरठी, जि. भंडारा